भल्या शेजाऱ्यांचे मौन

'सामान्य हिंदू माणूस मनाने चांगला आहे.' हे वाक्य आपल्या धर्मग्रामांत फार प्रेमाने उच्चारले जाते. १९९९ च्या जानेवारीत ओरिसातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन कोवळी मुले मोटारीत जिवंत जाळली गेली, तेव्हा आपण हेच वाक्य म्हटले. २००८ साली कंधमाळमध्ये देवळे पेटली, माणसे रानात पळाली, तेव्हाही म्हटले. प्रार्थनासभेवर हल्ला झाल्याची बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानात आली की रविवारच्या मिस्सेनंतर देवळाच्या आवारात कोणी ना कोणी ते म्हणतोच. त्यात सांत्वन आहे, कृतज्ञता आहे आणि थोडी भीतीही आहे. आपल्या शेजाऱ्यावरचा विश्वास उडाला तर मग या शहरात राहायचे कसे, ही ती भीती.

वाक्य खोटे नाही. क्वार्टर गेटजवळच्या निष्कलंक गर्भसंभव मातेच्या देवळाला १७९२ साली जागा मिळाली ती सवाई माधवराव पेशव्यांकडून; पेशव्यांच्या फौजेत चाकरी करणाऱ्या कॅथलिकांना उपासनेसाठी स्थान हवे होते आणि एका हिंदू राज्यकर्त्याने ते दिले. त्या दानापासून आजतागायत पुण्याच्या पेठांतून आणि उपनगरांतून आपण जे जगलो ते शेजारधर्माच्या आधारानेच. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु वाक्य खरे असणे एक आणि ते पुरेसे असणे दुसरे. माझी तक्रार अशी की, या वाक्याचा आपण अंगाईगीतासारखा उपयोग करीत आलो आहोत. त्याने आपण झोपतो आणि शेजाऱ्यालाही झोपवतो. ज्याला आपण 'चांगला' म्हणतो, त्याच्याकडे कधी काही मागायचेच नाही, असा अलिखित करार या चांगुलपणाच्या प्रशस्तिपत्रात दडलेला आहे.

पुण्याचेच उदाहरण घेऊ. २ जून २०१४ च्या रात्री हडपसर भागात मोहसीन शेख नावाच्या तरुणाला मारहाण करून ठार करण्यात आले. तो मूळचा सोलापूरचा, माहिती-तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात नोकरी करणारा. छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांच्याविषयीचा आक्षेपार्ह मजकूर फेसबुकवर प्रसिद्ध झाल्यामुळे शहरात तणाव होता. त्या मजकुराशी मोहसीनचा काडीचाही संबंध नव्हता. नमाज आटोपून तो मित्रासह परतत होता. वेशावरून मुसलमान म्हणून ओळखू येत होता, इतकेच. पुढे २०१७ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने तीन आरोपींना जामीन देताना असे कारण नोंदविले की, मृताशी त्यांचे कोणतेही वैयक्तिक वैर नव्हते, मृताचा दोष असलाच तर तो परधर्माचा असण्याचा. आणि ही गोष्ट आरोपींच्या बाजूने जमा धरण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या फेब्रुवारीत तो आदेश रद्द केला आणि आपण अनेक धर्मांच्या देशात न्यायदान करतो, याचे भान ठेवण्याची आठवण करून दिली. अखेरीस २०२३ च्या जानेवारीत पुण्याच्या न्यायालयाने सर्व एकवीस आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता केली.

न्यायालयाचा निकाल आपण मान्य केला पाहिजे. ज्यांच्याविरुद्ध गुन्हा सिद्ध झाला नाही त्यांना गुन्हेगार म्हणण्याचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. पण मग उरते काय? भर वस्तीत एक माणूस मेला आणि कायद्याच्या दृष्टीने त्याला कोणीही मारले नाही. न्यायालयाचे दार बंद झाले म्हणजे प्रश्न मिटला, असे मानणाऱ्यांनी मिटवून घ्यावा. मला मात्र वाटते की, न्यायालयाची जबाबदारी जिथे संपते नेमकी तिथून समाजाची सुरू होते. ज्या नावाने तो मारला गेला, त्या नावाच्या शहरातील लाखो धारकांनी त्या वेळी आणि नंतर काय केले? काही मोर्चे निघाले, काही सभा झाल्या, पुरोगामी मंडळींनी निषेध केला. त्यांचे ऋण मान्य. बाकीचे शहर पाऊस लांबल्याची चर्चा करीत राहिले.

इथे एक आक्षेप ताबडतोब येतो आणि तो रास्त आहे. काही गुंडांच्या कृत्याचा जाब साऱ्या समाजाला विचारायचा, म्हणजे तीच चूक झाली ना, जी एका फेसबुकवरील मजकुराचा जाब एका निरपराध मुसलमानाला विचारणाऱ्यांनी केली? महाराष्ट्राने हे विष एकदा पचविले आहे. ३० जानेवारी १९४८ नंतर, मारेकरी ब्राह्मण होता एवढ्याच कारणाने पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. गांधीजींचे नाव ज्यांनी आयुष्यात कधी वाईट हेतूने घेतले नव्हते अशांचीही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'वावटळ' या कादंबरीचा विषय तोच आहे. अहिंसेच्या पूजकाचा सूड आगीने घेणाऱ्या त्या जमावाकडून 'सामूहिक जबाबदारी' हा शब्द उसना घ्यायचा असेल, तर तो न घेतलेला बरा.

आपण कॅथलिकांनी तर या बाबतीत दुप्पट सावध असले पाहिजे. प्रभू येशूच्या मृत्यूचा दोष साऱ्या यहुदी समाजावर, त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांवर लादण्याचे पाप ख्रिस्ती जगाने शतकानुशतके केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयीच्या आपल्या घोषणापत्रात ती शिकवण स्पष्ट शब्दांत दूर सारली. तोवर यहुद्यांच्या छळछावण्यांची राख थंड होऊन वीस वर्षे झाली होती. रक्ताने चालत आलेला अपराध, जन्माने चिकटलेला अपराध ही कल्पनाच अख्रिस्ती आहे. ती आपण कोणत्याही हिंदूला लावू नये.

परंतु अपराध आणि जबाबदारी या दोन वस्तू आहेत. जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९४६ साली आपल्या पराभूत देशबांधवांपुढे हाच भेद मांडला. गुन्हा व्यक्तीचा असतो. संपूर्ण राष्ट्र गुन्हेगार असू शकत नाही. पण ज्या सत्तेने माझ्या नावाने कृत्ये केली, तिचा नागरिक म्हणून मला त्यांचे उत्तर द्यावे लागते, आणि ती घडत असताना मी कुठे होतो, याचे उत्तर माझ्या सदसद्विवेकबुद्धीलाही द्यावे लागते. साध्या व्यवहारातला दाखला देतो. तुमच्या नावाची खोटी सही करून कोणी पतपेढीतून कर्ज उचलले, तर ते तुमचे पाप नव्हे. पण तुम्हाला ते कळले आणि तरीही तुम्ही वर्षानुवर्षे गप्प बसलात, तर एक दिवस तो कर्जदार तुम्हीच ठरता. भला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी पतपेढीत जाऊन सांगतो की, ही सही माझी नाही. धर्माच्या नावाने राष्ट्र उभारू पाहणारे लोक सामान्य हिंदूच्या नावाची सही रोज करीत आहेत. 'बहुसंख्याकांची भावना' म्हणून जी प्रत्येक ठरावाखाली, प्रत्येक मोर्चाच्या अग्रभागी असते, ती हीच सही. ती खोटी आहे, असे फक्त ज्याचे नाव आहे तोच सांगू शकतो. मी सांगितले तर तो अल्पसंख्याकाचा कांगावा ठरतो.

'आमच्या सांगण्याला कोण विचारतो?' हे यावरचे नेहमीचे उत्तर. सामान्य माणूस दुबळा, त्याच्या हाती काय आहे? हे उत्तर मला मान्य नाही, आणि ते का नाही, हे पुण्याचाच इतिहास सांगतो.

१४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे अँग्लिकन पंथाच्या ख्रिस्ती लोकांच्या वास्तूत, एका व्याख्यानानंतर जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे आली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला नुसता हात लावला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रातून प्रसिद्ध केली आणि शहर पेटले. ख्रिस्त्यांच्या घरचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. चौकशीसाठी शास्त्रीमंडळी नेमली गेली. साक्षी झाल्या, युक्तिवाद झाले. ग्रामण्य असे कडक की, घरची धर्मकृत्ये करण्यास भटजी मिळेना, नातलगांनी पंगतीला बसणे सोडले. पुढे उच्च न्यायालयाच्या न्यायासनावर बसलेल्या रानड्यांनी १८९२ साली, मुख्यतः आपल्या सोबत्यांना सोसाव्या लागणाऱ्या त्रासामुळे, प्रायश्चित्त घेतले. टिळकांसारखा वज्रदेही माणूसही या प्रकरणातून प्रायश्चित्ताच्या युक्तिवादाशिवाय सुटला नाही.

रानड्यांना वाकविणारे हे सामर्थ्य कोणाचे होते? सरकारचे नव्हे, सरकार इंग्रजांचे होते आणि त्याला या चहाशी कर्तव्य नव्हते. फौज नव्हती, पोलीस नव्हते. ते सामर्थ्य वाड्यावाड्यांतून राहणाऱ्या सामान्य गृहस्थांचे होते. पंगतीला न येणाऱ्या मेहुण्याचे, पाठ फिरविणाऱ्या व्याह्याचे, हळदीकुंकवाचे आमंत्रण न धाडणाऱ्या शेजारणीचे. समाजाला आपल्या माणसाला 'हे चालणार नाही' असे सांगता येते आणि ते पाळायला लावता येते, हे पुण्याने एका पेल्यावर सिद्ध करून दाखविले.

आता चौऱ्याहत्तर वर्षे पुढे या. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप भोगून गोपाळ गोडसे आणि विष्णु करकरे ऑक्टोबर १९६४ मध्ये सुटले. १२ नोव्हेंबर १९६४ रोजी पुण्यात, शनिवार पेठेत, त्यांच्या सुटकेप्रीत्यर्थ सत्यविनायकाची पूजा आणि सत्काराचा समारंभ झाला. रीतसर निमंत्रणे गेली. माणसे जमली, चांगली शे-दोनशे. अध्यक्षस्थानी होते ग. वि. केतकर, लोकमान्यांचे दौहित्र, 'केसरी'चे माजी संपादक, त्या वेळी 'तरुण भारत'चे संपादक. त्यांनी भाषणाच्या ओघात सांगून टाकले की, नथुरामच्या मनातला बेत आपल्याला आधीच ठाऊक होता. देशभर गहजब झाला, केतकरांना अटक झाली, संसदेत प्रश्न उठले आणि त्यातूनच कपूर आयोग आला. कोणाला काय आधी माहीत होते आणि त्यांनी कोणाला सांगितले, हे तपासणे हाच त्याचा विषय होता. आयोगाचा अहवाल १९६९ चा.

मला केतकरांविषयी इथे काही म्हणायचे नाही; आपण बाळूकाका कानिटकरांमार्फत मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांपर्यंत सूचना पोचविली, असे त्यांचे म्हणणे होते. मला त्या शे-दोनशे माणसांविषयी म्हणायचे आहे. ती मारेकरी नव्हती. कोणी कारकून असेल, कोणी शिक्षक, कोणी निवृत्त. तीर्थप्रसाद घेऊन घरी परतणारी सभ्य माणसे. आणि त्याहून अधिक, न आलेल्या पुण्याविषयी. त्या पूजेला गेल्याबद्दल कोणाच्या पंक्तीला कोणी बसायचे थांबले का? कोणाचे ग्रामण्य झाले का? कोणाकडे भटजी जाईना, असे घडले का? ख्रिस्त्यांच्या चहासाठी ज्या शहराने चौकशी मंडळ बसविले, त्या शहराच्या सामाजिक कोठारात गांधीजींच्या मारेकऱ्यांच्या सत्कारासाठी एक साधी नापसंतीही शिल्लक नव्हती. सरकारने अटक केली. समाजाने काही केले नाही. तेव्हा 'आमच्या हाती काय आहे' असे कोणी म्हटले की मला पंचहौदाचा चहा आठवतो. हाती पुष्कळ आहे. ते कशासाठी वापरायचे एवढाच प्रश्न आहे.

बहिष्काराचे हत्यार पुन्हा उपसा, असे मी म्हणत नाही. ते गंजले तेच बरे झाले. आपल्यातील जी कुटुंबे गावकुसाबाहेरून ख्रिस्तसभेत आली, त्यांना ते हत्यार कोणावर चालत असे हे सांगावे लागत नाही. पण बहिष्काराच्या अलीकडे, नुसते बोलण्याच्या, विचारण्याच्या, नकार देण्याच्या कितीतरी पायऱ्या आहेत. गल्लीतल्या मंडळाला वर्गणी कोण देतो? सामान्य हिंदू. त्या वर्गणीतून उभ्या राहणाऱ्या देखाव्यात काय दाखवायचे, ध्वनिक्षेपकावर कोणाविरुद्ध घोषणा द्यायच्या, हे विचारण्याचा हक्क पावतीबरोबर मिळतो. गृहरचना संस्थेच्या सभेत 'त्यांना' जागा विकायची नाही, असे कुजबुजीने ठरते, तेव्हा हात वर करून 'का?' असे विचारणारा एक सभासद पुरतो. कुजबुजीला मोठ्या आवाजात उत्तर देता येत नाही. मोबाईलवर रोज सकाळी सुप्रभाताच्या फुलांबरोबर जे विष येते, ते पुढे न पाठविणे ही तर फुकटची गोष्ट. पण पाठविणाऱ्या आत्याला, वर्गमित्राला, साहेबांना 'हे खोटे आहे' असे कळविणे याला मात्र थोडी छाती लागते. राष्ट्र या छोट्या दालनांतूनच धर्मवेडे होत जाते.

'सामान्य' या शब्दातही एक लबाडी आहे, ती जाता जाता नोंदवतो. भाजीवाली सामान्य आणि विश्वस्त मंडळावरचा सनदी लेखापालही सामान्य, असे नाही. ज्याच्या शब्दाला जेवढे वजन तेवढे त्याचे देणे.

आणखी एक आक्षेप: मुसलमानांना हे का विचारत नाही? १९९० साली काश्मिरी पंडितांना घरदार सोडावे लागले तेव्हा तिथला सामान्य मुसलमान कुठे होता? विचारले पाहिजे, अवश्य. ज्यांनी स्वतःच्या समाजाला असे प्रश्न विचारले त्या हमीद दलवाईंची मुस्लिम सत्यशोधक मंडळ ही संस्था १९७० साली पुण्यातच स्थापन झाली. आणि त्यांनाही एकाकीपणाच सोसावा लागला. पण एकाचे मौन दाखवून दुसऱ्याच्या मौनाची वजाबाकी होत नाही. शिवाय या देशात बहुसंख्याकाचे मौन हे राज्ययंत्रणेच्या कानावर संमती म्हणून पडते. अल्पसंख्याकाच्या मौनाला तेवढी किंमत नाही.

असे बोलणारे झाले नाहीत, असे नव्हे. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले, ते हिंदू म्हणूनच. त्यांच्याच 'साधना'चे संपादक डॉ. नरेंद्र दाभोलकर २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घालून मारले गेले. दोघांना जन्मठेप आणि तिघांची सुटका, असा निकाल लागायला मे २०२४ उजाडला. या काळात प्रत्येक महिन्याच्या २० तारखेला त्या पुलावर जमणारे कार्यकर्ते वर्षानुवर्षे येत राहिले. निवृत्त शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी. ते कोणा अल्पसंख्याकासाठी आले नव्हते. आपल्या शहराच्या नावासाठी आले होते.

आपल्या अगदी निकटचे उदाहरण फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे. २०१९ साली साहित्य महामंडळाने उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड एकमताने केली. एक ख्रिस्ती धर्मगुरू मराठी सारस्वताच्या अध्यक्षपदी कसा, म्हणून विरोध झाला, धमक्यांचे दूरध्वनी आले. उद्घाटक ना. धों. महानोर यांनाही, जाऊ नका, असे कळविण्यात आले. महानोर गेले. महामंडळ मागे हटले नाही. जानेवारी २०२० मध्ये संमेलन झाले, फादरांनी आपले भाषण केले आणि मंडपात बसलेल्या हजारो वाचकांनी ते ऐकले. आज फादर नाहीत, महानोरही नाहीत. पण 'ही सही माझी नाही' असे सांगण्याची रीत कशी असते, ते त्या वेळी दिसले: आरडाओरडा नाही, उपकाराची भाषा नाही, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या ठिकाणी जाऊन उभे राहणे.

आता आपल्याकडे वळतो. कारण हे त्रैमासिक हिंदू शेजाऱ्याच्या घरी जात नाही, तुमच्या घरी येते. शेजाऱ्याकडे काही मागायचे तर आपले तोंड स्वच्छ हवे. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा खंड सोडता, धर्मसमीक्षणाचे न्यायालय चालले. त्याआधीपासून देवळे पाडली गेली, हिंदूंना गाव सोडावे लागले. तेव्हाचा सामान्य कॅथलिक मनाने चांगलाच असणार. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या अशा पापांबद्दल देवाजवळ जाहीर क्षमा मागितली. आपल्यापैकी किती घरांत मुलांना त्या गोव्याची हकीकत ठाऊक आहे? आणि जून २०१४ मध्ये, मोहसीनच्या मृत्यूनंतरच्या रविवारी, श्रद्धावंतांच्या प्रार्थनांत त्याचे नाव पुण्यातील किती देवळांत घेतले गेले? मारलेला आपला नव्हता, म्हणून आपणही सामान्यच झालो.

२०२५ च्या जून महिन्यात सांगलीच्या एका मोर्चात विधानसभेच्या एका सदस्याने धर्मोपदेशकांना मारहाण करणाऱ्यास रोख इनाम जाहीर केले. आपण रस्त्यावर आलो, मुंबईत आझाद मैदानावर मोठी सभा झाली; ठीकच झाले. पण त्या दिवसांत तुमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला, कचेरीतील सहकाऱ्याला, मुलाच्या शिक्षकाला तुम्ही विचारलेत का, की हे तुमच्या नावाने बोलले गेले, तुम्हाला चालते का? बहुतेकांनी विचारले नसेल. संबंध बिघडतील म्हणून. नाताळात करंज्यांचे ताट पाठवायचे, दिवाळीत फराळाचे घ्यायचे, आणि मधल्या दहा-अकरा महिन्यांत जे पेटते त्याविषयी अवाक्षर काढायचे नाही, अशा संबंधाला आपण सलोखा म्हणतो. एकशे पस्तीस वर्षांपूर्वी ख्रिस्त्यांच्या घरी चहा घेतल्याबद्दल माणसाला प्रायश्चित्त पडत असे. आज चहा बिनधोक चालतो. ज्या शेजाऱ्याच्या चांगुलपणाची आपल्याला खात्री आहे त्याला या नाताळात बोलवा, चहा द्या, आणि तो पेला खाली ठेवण्याआधी हा प्रश्न विचारा.